डावरी टाकी

कराडात आम्हा पोरांना पक्कं ठाऊक होतं
की आगाशिवाच्या लेण्यातून एक भुयार निघतं,
जखिणवाडीचा ऊस डोक्यावर घेऊन
कोयनेच्या तळाखालून,
शनिवार पेठेतल्या आमच्या चुलीखालून
थेट नकट्या रावळाच्या विहिरीत उतरतं.
रात्री फरशीला कान लावला
की टाकी ऐकू यायची:
टक्, टक्, मग थोडा विसावा, मग टक्.

बाप हसायचा.
"दगडात एवढ्या लांब कोण जातंय?
शंभर पावलांवर दिवा इझतो,
मग मानूस."
बाप म्हणजे दुर्गाप्पा पाथरवट.
गल्लोगल्ली त्याची हाळी: पाटाऽ टाकवून घ्याऽ
पाट्यावर त्याच्या टाकीचे दाणे उठले
की बायका म्हणायच्या, आता चटणी लागेल चटणीसारखी.
पण हात डावरा.
लग्नाघरचा पाटा त्याला कुणी दिला नाही.

ज्या वर्षी पेठेत घरोघर मिक्सर गुरगुरायला लागले
त्या वर्षीच्या एका रिकाम्या मंगळवारी
तो मला घेऊन डोंगर चढला.

फाटकाशी निळी पाटी. मी मोठ्यानं वाचली.
"दोन हजार वर्षं?" तो म्हणाला,
"बघू."

एका दाराशी दोन खांब,
एकावर चक्र, एकावर सिंह,
सिंहाचं तोंड पावसानं चाटून वासरासारखं केलेलं.
आत स्तूप, पालथ्या घागरीएवढा साधा.
आणि मग खोल्या, नुसत्या खोल्या:
कुशीवर वळता येईल एवढा दगडी ओटा,
पणतीपुरता कोनाडा,
टाक्यातल्या पाण्यावर वटवाघळाची एक सावली.
चार वाजता ऊन तिरपं आत आलं
आणि भिंत उठून बसली,
अंगावर शहारा यावा तसा
एकेक घाव वेगळा दिसायला लागला.

बापानं चप्पल काढली, तळवा भिंतीला लावला.
मास्तर फळा वाचून दाखवतात तसं वाचू लागला.
"ह्यो नवशिका. घाबरत मारलंय.
ह्याच्या मागं उस्ताद हुता, बघ, त्यानं सावरून घेतलंय.
हितं जेवायला बसली असत्याल, धार बदलली की.
हितं गार लागली, टाकी उडाली,
त्यानं नक्की शिवी घातली."
कोणाऽऽ म्हणून मी हाक मारली
आणि भिंतींनी ती बराच वेळ जपून ठेवली.

लेण्यावर दान देणाऱ्याची अक्षरं होती,
झिजलेली, मला न येणारी.
"आणि कोरणाऱ्याचं नाव?"
"आपुन पाट्यावर घालतो का?"

शेवटची खोली अर्धीच होती.
भिंत आत जाता जाता थांबलेली,
तांबड्या मातीचा एक ओला थर मध्ये आडवा.
इथं तो बराच वेळ गप्प राहिला.
घावांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं,
मग माझा हात धरून त्यावरून फिरवला.
बाकी सगळीकडे घाव उजवीकडून झुकलेले,
इथले उलटे.
सकाळी नदीकाठी एकच बगळा तोंड फिरवून उभा असावा तसे.

"डावरा हुता," बाप म्हणाला.
नंतर आणखी हळू,
"ह्याला ठिवून घेतलं हुतं त्यांनी."

पिशवीतून त्यानं आपली टाकी काढली,
त्या शेवटच्या खाचेत टेकवली.
बसली.
हातोडा त्यानं काढला नाही.
खाली कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन
एकमेकींत मिसळत होत्या,
साखर कारखान्याचा भोंगा झाला,
आणि माझा बाप तसाच उभा,
जणू पलीकडून कुणी
हूं म्हणेल.

त्या रात्री भाकरी झाल्यावर
फरशीला कान मी लावला नाही.
त्यानं लावला.