तिसरं पान

अननस धरण हा शेवटचा थांबा.
अननस कुठेच नाही.
ब्याऐंशी नंबरच्या मिनीबसमधून उतरताना
हातात इस्पितळाची पांढरी पिशवी,
तिच्यात गोळ्यांची दोन पाकिटं, अर्धा पाव
आणि एक लिफाफा, चिकटवलेला.

ऑफिसात कळवलं, रांग फार मोठी आहे.
खोटं बोलणं इतकं सोपं आधी कधी गेलं नव्हतं.
चुन वान मागे राहिलं : चाळीस मजल्यांचे मनोरे,
बांबूंवर वाळणारे शर्ट, खालच्या मजल्यावर भाजलेली बदकं,
आणि मग डोंगर, असा अचानक,
की बोलत्या शहराला कुणी मध्येच
पुरे म्हटलं.

मला डोंगर चढायचा नव्हता. बूटही ऑफिसचे.
कुठंतरी बसून तो लिफाफा उघडायचा
किंवा न उघडता परत न्यायचा, एवढंच.

फलकावर चित्र होतं : माकड, पिशवी, वर लाल फुली.
माकडांना वाचता येत नाही.
मी वाचलं नाही.

ती भिंतीवरून उतरली, पोटाला पिल्लू,
घाई नाही,
हिशेब तपासायला आलेल्या बाईसारखी.
नर्स सकाळी काखेतून थर्मामीटर काढून घेते
तशी बोटांतून पिशवी काढून घेतली
आणि पुन्हा वर जाऊन बसली.

पाव आधी संपला.
गोळ्या पिल्लानं हुंगल्या, फेकल्या.
मग लिफाफा. दातांनी, कडेकडेनं, इतका नीट
मला कधीच फाडता आला नसता.
पहिलं पान तिनं उलटं धरलं.
मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले,
डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतात तसं.
तिथे काहीच नव्हतं.
म्हणजे, माकडाचं तोंड होतं.

"हसू नकोस," मागून कुणी म्हणालं,
"दात दिसले की भांडण समजतात."
मी हसत नव्हते.
यिप काका. कमरेला रेडिओ, रेडिओत जुना ऑपेरा,
हातात छत्रीची काठी, कापड नसलेली.
चिंग यीच्या गोदीत तीस वर्षं वेल्डिंग केलं म्हणाले,
काठी दगडावर आपटली
आणि पानं वाऱ्यावर गेली.

पहिलं वाटेवरच सापडलं.
दुसरं एका तांबड्या बैलाच्या पुढ्यात,
बैल कुणाचाच नव्हता, हललाही नाही,
काकांनी त्याची माफी मागून ते उचललं.
तिसरं मात्र खाली, पाण्याच्या कडेला,
जिथे ती पांढरी झाडं घोटाभर पाण्यात उभी असतात
आणि साल सोडतात, पापुद्र्यावर पापुद्रा.
जमिनीवर वीतभर कागद,
सगळे कोरे.

काका वाकले. गुडघा कडकन वाजला.
एक साल उजेडात धरून : "हे?"
"नाही."
"हे?"
"नाही."
"या पाण्याखाली माझ्या आईचं गाव आहे. हे?"
"नाही, काका."
"तीन वर्षांची होती. तिला काही आठवायचं नाही,
नुसती इथे येऊन बसायची. हे बघ, यावर काहीतरी आहे."
मुंगळा होता.

मग थर्मासच्या झाकणात चहा, कडू, कोमट.
"मला इंग्रजी येत नाही," पहिली दोन पानं
नीट घडी घालून देत म्हणाले. "वाईट आहे का?"
"यांत नाव, वय, कुठून काय काढून घेतलं ते.
निकाल तिसऱ्यावर असतो."
"अस्सं," म्हणाले. "मग चहा संपव."

इस्पितळात प्रत असते. मला माहीत होतं.
गोदीतल्या माणसालाही माहीत असणार.
तरी आम्ही अजून तासभर शोधलं,
कधी शोधत, कधी नुसते वाकत,
बुटांत पाणी गेलं ते मला उशिरा कळलं,
आणि एकदा तर काकांनी उचललेली साल
मीच हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचली.

परत येताना ती भिंतीवर होती तशीच,
पिल्लू झोपलेलं,
तोंडात काहीतरी पांढरं चघळत.
पाव असेल.