करू

पहिल्यांदा ईरण्णा गोठ्यात आला
तेव्हा चंदगडाकडून बेकिनकेऱ्यात येऊन मला महिनाही झाला नव्हता.
मोरीच्या पोटावर तळवा ठेवून त्यानं विचारलं, "करू?"
मी पदर सावरत म्हटलं, "करा की."
तो हसला, सासू हसली,
मोरीनंही शेपटी झटकून घेतली.
कानडीत करू म्हणजे वासरू,
हे मला संध्याकाळच्या धारेला कळलं.

आता वही माझ्याकडे असते.
कोपरे शेणानं कडक झालेले,
निम्म्या ओळी माझ्या,
निम्म्या ईरण्णाच्या,
वासराच्या नाकपुड्यांसारख्या गोल अक्षरांत.

सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवायची,
संध्याकाळी हंबरली तर उजाडल्यावर.
सोट काचेसारखा हवा. गढूळ असेल तर ही पाळी सोडायची.
व्याल्यावर साठ दिवस नळी नाही.
(मला बाराव्या दिवशी वैरणीला धाडलं होतं,
ते या वहीत नाही.)

फेब्रुवारीची सोळा.
तांबू पहाटेपासून दावं ओढत होती.
ईरण्णानं डब्याचं झाकण काढलं,
थंड धूर उंबऱ्यापर्यंत लोळत आला.
"आधी आकडा वाचा," मी म्हटलं.
चार, चार, एक, सात.
वही उघडावी लागली नाही.
तांबूचा बाप.

त्याला कुणी पाहिलेलं नाही,
मोरीनंसुद्धा नाही.
कुठल्या तरी केंद्रात पत्र्याखाली उभा असेल,
किंवा नसेलही आता.
पण तो आकडा मला सासऱ्यांच्या तिथीपेक्षा पाठ.

"दुसरी नळी न्हाई अक्का आज. हीच उरली."
परशराम म्हणाला, जनावराला कुठं नातं कळतंय,
एकवीस दिवस फुकट खाईल.
म्हटलं, तिला कळत नाही
म्हणून तर वही.
ईरण्णानं झाकण लावलं
आणि मोपेडला लाथ मारली, जरा जोरातच.

तांबू रात्रभर ओरडली.
सकाळी नळावर नर्मदाक्का म्हणाली,
"नियम तुझा गं बाई,
झोप गल्लीची गेली."

मार्चची नऊ. वेगळा आकडा.
जूनमध्ये ईरण्णानं खांद्यापर्यंत हात घालून तपासलं
आणि बोटानं हवेत बरोबरची खूण केली.
ऑक्टोबरात आटवली.
दोन दिवस ती माझ्या चरवीकडे बघत राहिली,
मी चरवी न्हाणीत लपवली.

डिसेंबरची सतरा धरली होती,
एकोणीसही गेली.
विसाव्या रात्री शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले,
कास टरारली, पाणी फुटलं,
आणि बाहेर आला एकच पाय.

कोपरापर्यंत तेल लावलं.
फोन पेंढीवर उताणा, त्यातून ईरण्णा कानडीत,
मी मराठीत,
मधे तांबू तिच्या भाषेत.
कळ आली की थांबायचं.
ओसरली की वासरू मागं ढकलायचं,
दुमडलेला गुडघा शोधायचा,
खूर तळव्यात झाकून घ्यायचा,
आतली पिशवी फाटू नये म्हणून.
खूर मऊ होता, भिजल्या शेंगेसारखा.
तीनदा निसटला.
परशराम कंदील धरून होता
आणि पहिल्यांदाच त्याला बोलायला काही सुचत नव्हतं.

मग दोन्ही पाय, नाक, जीभ, कपाळ,
आणि बाकीचं सगळं एकदम, माझ्या मांडीवर.

"येन ऐती?" फोन विचारत होता.
मी शेपटी उचलून पाहिली.
"करू," म्हटलं, "हेण्ण करू."
पलीकडे तो हसला,
तसाच,
पहिल्या दिवशी हसला होता तसा.

तांबू चाटायला लागली.
चिकट बोटांनी मी पान उलटलं.
तारीख. आई, तांबू.
बाप, नवा आकडा, तपासून.
जार अजून पडायची होती,
म्हणून पुढची ओळ
मोकळी ठेवली.