पट

ब्याऐंशी नावं.
पाचवी-सहावी एकाच खोलीत, कारण
भंगाळे बाईंची बदली झाली
आणि त्यांच्या बदली कुणी आलं नाही.
कंडक्टरने गावं पुकारावीत तशी मी नावं पुकारायचो,
चिनावल, खिरोदा, सावदा, फैजपूर,
मान वर न करता.
हजर. हजर. हजर.
मुनिरा तडवी? हजर.

एका दुपारी बँकेच्या कामाला सावद्याला गेलो
तर केळीच्या ट्रकपाशी मुनिरा,
कडेवर भाऊ, फ्रॉकवर चिकाचे काळे डाग.
शाळा सोडून इथं?
ती हसली.
"मी त पोळ्यापासून येतच नही, सर."

रात्री मस्टर उघडलं.
तिच्या नावासमोर माझ्याच हातच्या तिरप्या रेघा,
तीन आठवडे,
पाभरीनं पेरल्यासारख्या.

सकाळी विचारलं, कोण म्हणायचं हजर?
पंखा तेवढा बोलत राहिला.
मग शेवटून दुसऱ्या रांगेत चेतना फिरके उभी राहिली.
"मी म्हने. तिचं नाव कटू नये म्हून."
मला काय बोलावं सुचेना.
फळा पुसला. तो कोराच होता.

वायकोळे गुरुजी म्हणाले,
मास्तर एक, गट सात, हे गणित बसत नाही.
गजू कोळी दारातच उभा होता,
त्याचा बाप कटाईच्या टोळीत.
"घड बॉक्सात बसत नही, गुरुजी.
फण्या करा लागतात."

तर आता एक फणी ओट्यावर,
एक निंबाखाली, एक टाकीच्या सावलीला,
एक खिचडीच्या भिंतीला टेकून, जिथं अकरानंतर कुणाचंच लक्ष नसतं.
नावं त्यांनीच ठेवली, नद्यांची.
सुकीवाल्यांना सगळे चिडवतात.
पहिला आठवडा नुसती भांडणं,
भोकरवाल्यांचं बस्तर शेळीनं खाल्लं.
मी फिरत राहतो. पाय दुखतात.
वर्षभर फळ्यावर मारून मुटकून शिकवलेला अपूर्णांक
नागोईच्या पोरांनी
कळण्याच्या एका भाकरीत संपवला.

काल केंद्रप्रमुख आले.
रिकाम्या खोलीत डोकावून म्हणाले,
वर्ग कुठाय?
पट किती, हजर किती?
मी सवयीनं तोंड उघडलं,
तेवढ्यात निंबाखालून चेतना :
"सुकीत आज अकराच हाये, सर.
एक जागा तशीच ठुली."
खरंच, बस्तरावर एक चौकोन रिकामा,
त्यावर पाटी, पाटीवर खडू.

मग तिघं उठले, चपला शोधल्या,
न विचारता फाटकाबाहेर गेले
सावद्याच्या रस्त्यानं.
साहेबांनी पेनचं टोपण काढलं.
यांना काय लिहू, म्हणाले,
हजर की गैरहजर?