विशेष घटना : नाही

मंगळवारच्या संध्याकाळच्या वर्गात
मॅडमनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली.
एकात लिहिलं गुन्हा, दुसऱ्यात विचलन,
आणि जिथं ती एकमेकांवर चढली होती
त्या बदामाएवढ्या जागेत
खडू टेकवून विचारलं,
इथं काय आहे?

कुणी म्हणालं, धीर नसणं.
आत्ता हवं, लगेच हवं.
जो दुकानातून उचलतो तोच शाळा बुडवतो,
तोच लाल दिव्यात रस्ता ओलांडतो,
आणि हात मोडतो तोही त्याचाच.
कुणी म्हणालं, दावं सुटणं.
ज्याची वाट बघत कुणी जेवायचं थांबत नाही
तो कुठंही जाऊ शकतो.
मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, शिक्का.
आधी नुसतं काहीतरी घडतं,
बारसं नंतर होतं.
मी सगळं वहीत उतरवलं.
बढतीसाठी परीक्षा द्यायची होती.

शनिवारी हॅलिफॅक्सच्या कालव्यावर
माझ्या हाताखाली सहा जण,
नारिंगी जाकिटं, पाठीवर ठळक अक्षरांत
की हे लोक फेड करताहेत.
काळा रंग, दोनशे यार्ड रेलिंग.
रीस हॅलम, एकोणीस वर्षांचा :
दाढीच्या पात्यांची पाकिटं, तीनदा.
मिस्टर ओल्ड्रॉइड, एकाहत्तर :
शेजारचं झाड रात्री दोन वाजता करवतीनं पाडलं,
आणि अजून विचारतात,
पण ऊन आलं की नाही स्वयंपाकघरात?
बाकीच्यांचं सांगत नाही.
त्यांनी मला सांगितलेलं नाही,
मी फाइलमध्ये वाचलंय.

डबा खाताना रीसनं विचारलं,
मिस, तुम्ही कधी काही केलंय?
मी म्हटलं, ब्रश धू.

केलंय.
तीसच्या रस्त्यावर अडतीसनं गाडी.
पैसे भरले, एक दुपारभर
पडद्यावरच्या माणसाचं ऐकून घेतलं, संपलं.
घरी कुणाला माहीतही नाही.
आणि मिरजेला, तेरा वर्षांची असताना,
गच्चीवरून शीळ घातली होती.
कुणासाठी नाही,
येते का ते बघायला.
खाली तीन खिडक्या उघडल्या.
ते अजून लग्नकार्यात निघतं,
शीळ घालणारी ती हीच ना?
मावशी म्हणाली होती,
पाऊल वाकडं पडायच्या आधी
ओठ वाकडे होतात.

म्हणजे त्या बदामात खिडकी आहे,
मी ब्रश हलवत मनाशी म्हटलं,
कुणीतरी उघडलेली खिडकी,
बाकी काही नाही.
उत्तर सुबक होतं. परीक्षेत चाललं असतं.
पण तिसऱ्या खेपेला रीसनं हिसडा दिला
तेव्हा गल्ल्यावरची मुलगी थरथरत होती,
आणि ते झाड शेजारणीनं
नवरा गेला त्या वर्षी लावलं होतं.
फाइलमध्ये तेही आहे.
जगातल्या सगळ्या खिडक्या मिटल्या तरी
ते झाड परत उभं राहत नाही.

चार वाजत आले तेव्हा
रीस रिकामा डबा झुलवत शीळ घालायला लागला.
चांगली घालत होता, बोटं न लावता.
ओल्ड्रॉइड म्हणाले, खालचा सूर धर, पोरा.
तिसऱ्या ओळीला कुणीतरी सोबत केली.
कालव्यातल्या बोटीवरच्या बाईनं मान वळवली,
आधी जाकिटांकडे पाहिलं,
मग बराच वेळ माझ्याकडे,
कारण माझ्या अंगावर जाकीट नव्हतं
आणि ओठ
अजून तसेच होते.

फॉर्मवर सगळ्यात खाली एक रकाना असतो,
विशेष घटना.
मी तिथं रेघ मारली.
सरळच मारायला गेले होते.