दीड

नान्नजच्या माळावर चार खुंट्या, चार मीटर सुतळी.
एवढाच माझा चौकोन.
गुडघ्यांवर वाकून मोजते:
पवना तेवीस, मारवेल एकोणीस, कुसळी सव्वीस,
शेडा...
शेड्यापाशी गाडी अडते,
कारण वारा सुटतो आणि एकाचे दोन दिसतात.

वाकायची सवय घरातली.
पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात,
नायना टॉवेलवर पितळी भिंग ठेवायचे,
इंचभर खिडकीत सुईच्या टोकानं
उभे धागे मोजायचे, मग आडवे.
इंच खरा निघाला तर आख्खा ताका खरा.
मी तेच करते.
फक्त माझ्या ताक्याला काठ नाही.

दुपारी रस्त्यापलीकडं, गिरिपुष्पाच्या लागवडीत,
तोच चौकोन, तीच सुतळी.
तिथं नऊ जाती होत्या. इथंही नऊ.
वहीत दोन नऊ शेजारी बसले, जुळ्यांसारखे,
आणि मला पटेना.
दोनशे रोपांत एकशे शहाऐंशी नुसतं गाजरगवत.
उरलेल्या आठ जाती
चौदा काड्यांत दाटीनं उभ्या,
लग्नात शेवटच्या पंगतीची वाट बघणाऱ्या
लांबच्या पाहुण्यांसारख्या.

रात्री गणित मांडलं.
प्रत्येकाचा वाटा, वाट्याचा लॉग, गुणाकार, बेरीज,
शेवटी घात.
माळावरचे नऊ आठाच्या थोडं पुढं थांबले.
लागवडीतले नऊ निघाले
दीड.
पुन्हा केलं. दीडच.
एक पुरता, आणि अर्धा तो हजेरीपुरता.

सकाळी मायाप्पा वाघमोडेंना सांगितलं.
काठी खांद्यावर आडवी टाकून ते ऐकत होते.
"दीड व्हय?
माझी मेंढरं तिकडं तोंडच घालत न्हाईत.
त्यांनी कवाच मोजलंय."
मग म्हणाले, "माळाचं वाच."

वाचत गेले. ते मान हलवत गेले,
दुकानदार उधारी वाचतो आणि पटते, तशी.
शेवटची ओळ:
अनोळखी क्रमांक एक, सात काड्या.

मान थांबली.
"कुनाला अनोळखी?"

उकिडवे बसले. एक काडी खुडली,
दातांत धरली, चावली,
आणि नाव सांगितलं,
घरातल्या पोराला हाक मारावी इतक्या सहज.
मी दोनदा विचारून घेतलं.
'अनोळखी' खोडलं. जागा उरली नव्हती,
म्हणून समासात लिहिलं, पेननं.
बाकीची वही पेन्सिलीत आहे.