गट नंबर ११४

गाडी इथंच लावा. पुढं भेगा आहेत,
एकीत परवा साली रेवणसिद्धाचं खुरपं गेलं
ते अजून वर आलं नाही.

सातबाऱ्यावर जिरायत, दोन हेक्टर वीस.
विहीर लिहिलीय. पाणी किती,
तो रकाना तलाठ्याकडं नाही.
मालदांडी मात्र येते, नुसत्या दवावर.
पौषात या, हुरडा भाजू,
भाव करायचं तुम्हीच विसराल.

रस्ता? हा काय, बांधावरून.
आधी मैनुद्दीनची म्हैस जाते, मग माणूस.

ती बाभळ मोजणीत तुमच्याकडं येते.
उन्हं कलली की सावली तेवढी
शेजारच्या गटात पडते;
तिथं शांतव्वा भाकरी सोडते,
चाळीस वर्षं झाली.

खरेदीखतात हे बसत नाही,
म्हणून तोंडानं सांगतोय.