उसनं अवसान

दिवाळ्याच्या जेटीवरून थेट नेरूळला आलेली,
टाच अधांतरी धरून बसलेली बाई.
कुंदा तांडेल. वजन त्रेपन्न किलो.
"कुत्रा वलखीचा व्हता, सिस्टर.
रोज माझेच हातची मांदेलीची डोकी खायचा."

नळाखाली पंधरा मिनिटं, साबण लावून.
खवल्यांची चकाकी वाहून गेली, थोडं रक्तही.
जे उरलं असेल ते दिसत नाही.

अंगात गस्त असते रात्रंदिवस.
पण हा रस्त्यानं येत नाही,
हा शिरतो मज्जातंतूत
दिवा विझवून खाडीत घुसणाऱ्या होडीसारखा.
टाचेपासून डोक्यापर्यंत लांबचा पल्ला, त्याला घाई नाही.
गस्तवाल्यांना हाक जाते तेव्हा
घर गेलेलं असतं.

लस त्यांना शिकवते.
शिकायला आठवडा-दीड आठवडा लागतो,
तोवर उसनं अवसान आणायचं.

सीरमची बाटली मी मुठीत धरून बसते,
फ्रिजमधलं गार औषध जास्त झोंबतं.
कुठल्याशा तबेल्यात एक घोडा
हाच आजार, मारलेला, पुन्हा पुन्हा टोचून घेत शिकला.
त्याच्या रक्तातून ते शहाणपण गाळून घेतलं,
आता ते चार दातांच्या चार भोकांभोवती भरायचं.

"घोड्यापासूनचं आहे," मी सांगते. सांगावंच लागतं,
एखाद्याला पित्त उठतं, धाप लागते.
ती हसली.
"माझे लग्नान घोरा नवता.
नवरा होरीतनशी आयला, कमरेपावत भिजून.
आता आयला का, छत्तीस वर्सांनी?"
सुई टाचेत गेली तेव्हा मात्र
माझ्या ॲप्रनची कड तिनं अशी पिळली
की इस्त्री करूनही ती चुणी जात नाही.

तिसरा दिवस. सातवा.
सातव्याला तिनं विचारलं, घोरा काय खातो?
चणे, मी म्हटलं. अंदाजानंच.

अठ्ठाविसाव्या दिवशी घोड्याचं बरंचसं सरलेलं असतं.
फेडायचं नसतं ते, शरीर आपणच मोडीत काढतं.
आता तिच्या रक्तात तिचं स्वतःचं.
शेवटचं इंजेक्शन झाल्यावर तिनं
अर्धा किलो चण्यांची पुडी माझ्या रजिस्टरवर ठेवली.
माझ्याकडे पत्ता नव्हता.

"आणि कुत्रा?" मी विचारलं,
तो रकाना भरायचा राहिला होता.
"तिसरे दिसापासना दिसला नाय."
दारात चपला शोधता शोधता म्हणाली,
"डोकी ठेवतंय मी तिथंच. कावले नेतात."